हँगर मोडला नाही, चासी फाटली: भोसरीतल्या एका फॅब्रिकेशन शेडचा अनुभव

मागच्या पाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, हँगर (पाटा चासीला, गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारी बैठक) सुटायला लागला की गाडी आधी सांगते. गिअर टाकून क्लच सोडला की मागून डावीकडे ‘टक्’, रिव्हर्स घेतली की परत ‘टक्’. आमच्या चिरंजीवांनी हा ‘टक्’ तीन आठवडे ऐकला आणि त्यावर उपाय म्हणून गाण्याचा आवाज वाढवला.

पिकअप २०१५ची. धंदा असा, की उरुळी कांचनच्या नर्सऱ्यांतून झाडं, कुंड्या, माती, कोकोपीट उचलायचं आणि बाणेर-हिंजवडीच्या सोसायट्यांत टेरेसवर बाग करून द्यायची. पोती मोजून गाडी भरतात. कोरड्या मातीचं पोतं आणि पावसात भिजलेल्या मातीचं पोतं एकाच हिशोबात धरतात, म्हणजे जूनपासून पुढे गाडीवर किती बोजा पडतो ते एक तो वजनकाटाच जाणे, आणि वजनकाट्यावर आमचे लोक जात नाहीत. तेव्हा गाडी बनवणाऱ्याला मी दोष देत नाही. दोष घरचाच आहे.

हायवेवरच्या एका वेल्डिंगवाल्याने पहिली दुरुस्ती केली, ९०० रुपयांत, तासाभरात. मूळ हँगर गॅसने कापून काढला, त्याच्या जागी १२ एमएमच्या पट्टीचा घरगुती हँगर ठोकला आणि चारी बाजूंनी वेल्डिंगची माळ ओढली. वर म्हणाला, “गाडी मोडेल, पण हा तुकडा मोडणार नाही.” माणूस खोटं बोलला नाही. दोन महिन्यांनी तुकडा जसाच्या तसा होता. फाटली ती चासी, बरोबर वेल्डिंगच्या काठाने.

मी पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं नेमक्या मापात बनवणाऱ्या विभागात, ३१ वर्षं काढली. चिरंजीव मला गाडीखाली जाऊ देत नाहीत, ‘पप्पा, कंबर’ म्हणतात. या वेळी गेलो. जाडी मोजायला व्हर्नियर लावला तर चासीचा पत्रा साडेचार एमएम, आणि त्याला चिकटवलेला तुकडा बारा. पाटा दर खड्ड्याला ढकलतो, चासी थोडी लवते, आणि लवता लवता जिथे एकदम जाड तुकडा सुरू होतो तिथे तिला लवता येत नाही. सगळा ताण त्या एका रेषेत जमा होतो. त्यातून वेल्डिंगच्या उष्णतेने तिथला पत्रा आधीच बिघडलेला. वायर एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तसंच हे. जाड पट्टी टाकली म्हणजे मजबूत झालं, हा समज पुण्यातल्या निम्म्या गॅरेजांत आहे आणि गिऱ्हाइकांत तर पूर्ण.

शोरूममध्ये हँगर मिळाला असता, पण तो ज्या रिव्हेटांच्या भोकांवर बसतो त्यातली दोन भोकं गॅसकटरने खाल्ली होती. त्यामुळे नवा हँगर वेगळ्या मापाचा, चासीचा धड भाग धरणारा, बनवून घ्यायचा होता. तीन ठिकाणी फोन केले. दोघांनी पहिला प्रश्न विचारला, “किती एमएम टाकायची?” तिसऱ्याने विचारलं, “गाडीत काय भरता?”

मी लगेच निघालो. तो गुरुवार होता. एवढी वर्षं पिंपरीत नोकरी करून मी गुरुवारी एमआयडीसीत काम घेऊन गेलो. इकडच्या औद्योगिक भागाची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे मला झोपेतही माहीत असायला हवं होतं. रिटायर झालं की वार विसरतात. लांडेवाडीच्या चौकात चहा पिऊन परत आलो.

शेडचं नाव मी लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडले: “काका, नाव टाकू नका. मग पोरं बुलेटचे सायलेन्सर घेऊन येतात.” शेड लहान. एक रेडियल ड्रिल, एक जुनं लेथ, वेल्डिंगची दोन सीओटू मशीन, भिंतीला वेल्डिंगचे रॉड तापवायचा ओव्हन. बाहेर गाडी उभी करायला एकच जागा, आणि ती समोरच्या पावडर कोटिंगवाल्याच्या टेम्पोशी भांडून मिळवावी लागते. बसायला एक प्लॅस्टिकचं स्टूल, त्याचाही एक पाय कापून वेल्डिंगच्या रॉडने बांधलेला. फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये मोडकं स्टूल! असो.

मालक पंचेचाळिशीचे, आयटीआय केलेले, आधी कुणा व्हेंडरकडे जिग-फिक्स्चर, म्हणजे काम पक्कं धरायचे साचे, बनवायचे. खाली पुठ्ठा अंथरून स्वतः गाडीखाली शिरले. मला वाटलं बॅटरी मारून बघतील आणि भाव सांगतील. त्यांनी पोराला हाक मारून तीन डबे मागवले. जागा वायर ब्रशने घासली, क्लीनरने पुसली, लाल रंगाचा स्प्रे मारला आणि म्हणाले, दहा मिनिटं चहा घेऊ. मग लाल पुसून काढलं आणि वर पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ फुटली. नुसत्या डोळ्यांना जी चीर मला २० एमएमची दिसली होती ती ३८ निघाली, आणि टोकाला खालच्या फ्लँजकडे, म्हणजे चासीच्या आडव्या पट्टीकडे, वळलेली. मोठ्या कारखान्यात ही तपासणी रोजची आहे, पण पिकअप दुरुस्त करणाऱ्या शेडमध्ये मी पहिल्यांदा बघितली.

मग ते न सांगता उजवीकडे सरकले. उजव्या बाजूबद्दल आमची काही तक्रारच नव्हती. तिथेही रिव्हेटच्या भोकाच्या काठाला सहा एमएमची एक बारीक रेघ उमटली. “डावीकडचा हँगर ढिला असताना अख्खा रेटा हिने घेतला,” ते म्हणाले. चिरंजीव तेव्हा पहिल्यांदा गप्प झाले.

ड्रॉइंग मी ग्राफ पेपरवर काढून नेलं होतं. जरा ऐटीतच पुढे केलं. त्यांनी ते नीट बघितलं, चांगलं म्हणाले आणि पेन्सिलीने तीन ठिकाणी बदललं. मी कोपरे काटकोनात ठेवले होते, त्यांनी प्रत्येकाला १० एमएमची गोलाई दिली. चासीच्या आतून लावायची आधाराची प्लेट मी आयताकृती काढली होती, त्यांनी दोन्ही टोकं निमुळती केली, म्हणजे जाडी एकदम सुरू न होता चढत जाईल. आणि मी खालच्या फ्लँजवर दोन बोल्ट दाखवले होते, ते सरळ खोडून टाकले. “फ्लँजला भोक नाही आणि आडवं वेल्डिंग नाही. जे काय धरायचं ते उभ्या पोटात.” वाकताना फ्लँजवर सगळ्यात जास्त ताण असतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. हाताने काढलेल्या ड्रॉइंगमध्ये विसरलो. दोन मिनिटं राग आला, मग गेला.

प्लेट किती जाडीची, तर सहा. मूळ कंपनीचा हँगर पाच एमएमचा दाबलेला होता. बाराच्या मानाने सहा ऐकून चिरंजीवांचा चेहरा पडला. आयएस २०६२, ई२५० ग्रेड, साधं स्ट्रक्चरल स्टील. थोडी जाड का नको, असं मी विचारलं, तर म्हणाले, चासी लवणार तेवढं यालाही लवू दे. नवा हँगर काट्यावर पावणेतीन किलो भरला, जुना बारावाला साडेपाच. दोन्ही शेजारी ठेवले तर कुणीही जुनाच निवडेल. वजनावर मजबुती मोजायची सवय भाजीबाजारातून आलेली असावी.

आता जे बिघडलं ते. प्लेटा शेजारच्या शेडमध्ये लेझरवर कापून, ब्रेक प्रेसवर इंग्रजी यू-सारख्या वाकवून आणल्या. वाकवायची रेघ पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवली होती, म्हणजे बाहेरच्या बाजूने पत्रा तडकत नाही. इथवर सगळं शिस्तीत. पण पाट्याच्या पिनचं भोक त्यांनी वाकवायच्या आधीच पूर्ण मापाचं कापून घेतलं होतं. वाकताना पत्रा किती ताणला जातो याचा हिशोब थोडा चुकला आणि यूच्या दोन्ही गालांवरची, म्हणजे उभ्या बाजूंवरची, भोकं समोरासमोर आली नाहीत. पिन एका गालातून गेली आणि दुसऱ्याला जाऊन अडली. दीड एमएमचा फरक.

मिस्त्रींनी शांतपणे गोल कानस उचलली. मी म्हटलं, “थांबा.” ते म्हणाले, “चाचा, दो मिनट का काम है।” दोन मिनिटांचंच काम, खरं आहे. कानशीने भोक लांबट करायचं, पिन जाते, बोल्ट आवळला की दिसतही नाही. आणि दोन महिन्यांनी परत तोच ‘टक्’. मी आयुष्यभर अशा दोन मिनिटांच्या कामांवर सही करायला नकार देत आलो. तेवढ्यात मालक आले. त्यांनी पिन हातात घेतली, एकदा घालून बघितली आणि जोडीच्या जोडी स्क्रॅपच्या पिंपात टाकली. मिस्त्रींवर ओरडले नाहीत, आणि ‘लेझरवाल्याने चूक केली’ हे नेहमीचं वाक्यही ऐकू आलं नाही. मला म्हणाले, “माझी चूक. आता आधी लहान पायलट भोक ठेवतो, वेल्डिंग झाल्यावर दोन्ही गाल एकदम बोअर करू.” नव्या जोडीचे पैसे लावले नाहीत. दोन दिवस गेले ते गेले.

या शेडला मी जे गुण देतोय त्यातले निम्मे त्या पिंपातल्या आवाजाचे.

दुसरी जोडी आली तेव्हा पिन हाताने, तेलाचा एक थेंब लावून, दोन्ही गालांतून सरकली आणि बोटाने फिरली. असं सरकलं की टूलरूमवाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढतं.

चासीवरचं काम मी स्टुलावर बसून पूर्ण बघितलं. सुरुवातीला बॅटरीची निगेटिव्ह काढली, मग ईसीयूचा, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचा, कनेक्टर. हायवेवाल्याने यातलं काहीही केलं नव्हतं, आणि तरी ईसीयू वाचला ही आमची पुण्याई. मागच्या ब्रेकची नळी आणि वायरिंग सोडवून बाजूला बांधली, डिझेलच्या पाइपवर ओलं गोणपाट, शेजारी आगीचं सिलिंडर. जुना बारावाला तुकडा ग्राइंडरने घासून काढायला अर्धा दिवस गेला. बसवायला तासही लागला नव्हता.

चिरेच्या दोन्ही टोकांना सहा एमएमची भोकं पाडली. चीर पुढे सरकते ती तिच्या टोकदार टोकामुळे; टोकाला गोल भोक पाडलं की तिला पुढे जायला धार उरत नाही. मग चीर ग्राइंडरने व्ही-सारखी उघडली आणि ओव्हनमधून काढलेल्या ७०१८ नंबरच्या गरम वेल्डिंग रॉडने भरली. हा रॉड दमट झाला तर वेल्डमध्ये हायड्रोजन जातो आणि नंतर आतून तडकतं. भर पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ वापरणारे मी खूप बघितलेत, म्हणून ओव्हन बघून बरं वाटलं. भरलेलं वेल्डिंग घासून चासीच्या पातळीला आणलं आणि परत लाल-पांढरा स्प्रे. रेघ नाही.

हँगर मात्र चासीला वेल्ड केलाच नाही. आतून निमुळती प्लेट, बाहेरून हँगर, मध्ये चासीचं पोट, आणि तिन्हींतून एम१२चे (१२ एमएम जाडीचे) १०.९ या मजबूत ग्रेडचे फ्लँज बोल्ट. भोकं एकत्र ड्रिल करून नेमक्या मापाला आणायला रीमर फिरवलेला, म्हणजे बोल्टला हलायला जागाच नाही. टॉर्क रेंचने ११० न्यूटन मीटरला आवळून प्रत्येक नटावर पांढऱ्या मार्करची रेघ.

आवळण्याआधी त्यांनी एक लांब ब्राइट बार, म्हणजे सरळ गुळगुळीत सळई, डाव्या हँगरच्या भोकातून घालून उजव्यातून बाहेर काढला. दोन्ही हँगर एका रेषेत नसले तर मागचा ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी चालते, टायर एका बाजूने खाते. मग चासीच्या पुढच्या भोकांपासून दोन्ही कर्ण टेपने मोजले. फरक दोन एमएम. मी परत मोजला, दोनच.

गाडी जॅकवरून उतरवायच्या आधी मात्र मला तोंड उघडावं लागलं. मागची चाकं हवेत लटकलेली असताना मिस्त्रींनी पाट्याच्या बुशचे, म्हणजे पिनभोवतीच्या रबरी नळीचे, बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश ज्या अवस्थेत आवळाल तीच त्याची ‘विश्रांती’. लटकलेल्या पाट्यावर आवळला, की गाडी जमिनीवर आल्याबरोबर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभराच्या आत फाटतो. बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उतरवून, हौद्यात चार पोती टाकून मग आवळायला लावले. ऐकलं त्यांनी, पण हे गिऱ्हाइकाने सांगायची वेळ यायला नको होती. ज्याचा बाप टूलरूममध्ये नव्हता त्याने काय करायचं? इथे गुण कापले.

रंगकामाचेही कापले. इतकं सुंदर काम आणि त्यावर तेलकट हाताने मारलेला रेड ऑक्साइड. महिनाभरात पापुद्रे निघाले. मी घरी घासून इपॉक्सी प्रायमर मारला. फोनचंही तेच, पाच वेळा केला की एकदा उचलतात. पण व्हॉट्सॲपवर न मागता फोटो पाठवत होते, स्क्रॅपमध्ये टाकलेल्या जोडीचासुद्धा.

वेळ सांगितला तीन दिवस, लागले सहा. बिल १४,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १७,११०. यात दोन हँगर, दोन आतल्या प्लेटा, बोल्ट, पाटा ॲक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट, चासीची दुरुस्ती आणि फिटिंग. पक्कं बिल मागावं लागलं नाही. महाग वाटेल त्याने ९०० रुपयांची गोष्ट वर परत वाचावी.

चिरंजीवांनी शेवटी हळूच विचारलं, “आता एवढं मजबूत केलंय तर एक पाटा वाढवून देता का?” मालक हसले. “पाटा वाढला म्हणून आरसीवरचं वजन वाढत नाही. मी लावून देत नाही.” बरोबर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ हेच सांगतं, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर लिहिलेल्या गोष्टींशी न जुळणारे फेरफार मालकाला करता येत नाहीत. आणि आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी घ्यावा लागतो, तेव्हा खाली वाकून बघणारा कुणीतरी असतोच. येणारा धंदा सोडणारा फॅब्रिकेटर दिसला की मी त्याचं नाव लक्षात ठेवतो.

५०० किलोमीटरनंतर दाखवायला बोलावलं होतं. यू-बोल्ट परत आवळले, त्याचे पैसे नाहीत. हँगरच्या नटांवरच्या पांढऱ्या रेघा जागच्या जागी होत्या, एक सोडून. डावीकडचा मागचा नट जेमतेम केसभर फिरला होता. मालकांनी तो नट फेकून नवा लावला आणि दहा मिनिटं त्या भोकाकडे बघत बसले. नंतर आजवर तो हललेला नाही. आता चार महिने झाले, पाऊस अख्खा त्यात गेला, सोलापूर रस्त्याचे खड्डेही. ‘टक्’ नाही. चिरंजीव पोती अजून मोजूनच भरतात, पण ओल्या मातीची आठ कमी घेतात. हे माझ्या सांगण्याने नाही, तो लाल स्प्रे बघितल्यापासून.

पाचपैकी चार. बुशचा अर्धा आणि रंगाचा अर्धा कापला. उशिराबद्दल कापत नाही, कारण तो उशीर मला हवा होता.

जाणार असाल तर लांडेवाडीकडून एमआयडीसीत शिरा, ऑक्सिजनच्या सिलिंडरांशेजारी गुलमोहर दिसेल तिथे थांबा. गाडी रिकामी न्या, खालून धुऊन न्या, चिखल काढायचे ३०० वेगळे लावतात. गुरुवारी जाऊ नका. आणि स्टुलावर बसताना कापलेला पाय भिंतीकडे ठेवा.